मागच्या चाकांचे ब्रेक
(मंडळाच्या वर्धापनदिनाच्या सभेत झालेले भाषण)



चिटणीसबाईंनी मला भाषणाचा विषय विचारला तेव्हा मी 'मोटारीचे मागचे ब्रेक घरी कसे बदलावेत' असे सांगितले. त्यांनी ते तीनदा विचारून घेतले आणि मगच कार्यक्रमपत्रिकेत घातले. पत्रिका वाचून काही जणींनी मला बाजारात गाठले आणि पुढच्या वर्षी विमान उघडणार का म्हणून विचारले. विमानाचे सांगता येत नाही. परंतु गेल्या फाल्गुनात आमच्या अंगणातल्या फरशीवर मी आणि माझ्या सूनबाईने मिळून आमच्या जुन्या मारुतीच्या मागच्या दोन्ही चाकांचे लायनर बदलले, ही गोष्ट खरी आहे. त्या कामाची हकीकत आणि त्यात जे पाहिले ते आपणापुढे ठेवावे, एवढाच माझा हेतू.

आपल्या मंडळात आज पुष्कळ जणी स्कूटर चालवतात, काही जणी मोटारही चालवतात. नातवंडांना शाळेत सोडणे, वावरावर डबा पोहोचवणे, आजारी माणसाला सेवाग्रामच्या दवाखान्यात नेणे ही कामे आता कोणाची वाट न पाहता होतात. गाडी चालवायला आपण शिकलो आणि थांबवायलाही शिकलो. पण पाय दाबल्यावर गाडी थांबते ती कशामुळे, हे आपल्यापैकी कितीजणींनी डोळ्यांनी पाहिले आहे? आपला वर्धा जिल्हा चरख्याचा. माझ्या सासूबाई रोज सूत कातत, आणि चाती वाकली किंवा माळ तुटली तर दुरुस्तीसाठी त्या कोणाकडे गेल्याचे मला आठवत नाही. ३० डिसेंबर १९३८ रोजी गांधीजींच्या हस्ते उघडलेले मगन संग्रहालय आपण सर्वजणींनी पाहिलेले आहे. तिथली अवजारे पाहताना मला नेहमी वाटते की, जे यंत्र घरात वापरायचे ते निदान उघडून पाहता आले पाहिजे, अशी या गावाची जुनी समजूत आहे. मोटारीला ती लागू करू नये असे कोठे लिहिलेले नाही.

तर प्रथम ब्रेक म्हणजे काय ते सांगते. धावत्या गाडीत जो जोर साठलेला असतो त्याची उष्णता करून ती वाऱ्यावर सोडून देणे, हे ब्रेकचे काम. माणसे धरून ९०० किलो वजनाची लहान गाडी ताशी ६० किलोमीटर वेगावरून थांबवली, तर जी उष्णता निर्माण होते तिच्यावर सुमारे ४०० मिलिलिटर पाणी उकळेल. म्हणजे चार कप चहाचे आधण. तीच गाडी ताशी ८० च्या वेगात असेल तर आधण सात कपांचे होते. वेग वाढला एक-तृतीयांशाने आणि आधण वाढले पाऊणपटीने. नागपूर-अमरावती रस्त्यावर तळेगावचा सत्याग्रही घाट उतरताना पाय सतत ब्रेकवर ठेवला, तर हे आधण खाली येईपर्यंत चुलीवरच राहते. म्हणून घाटात खालचा गिअर घालून इंजिनाने गाडी आवरावी आणि ब्रेक मधून मधून दाबावा. बैलबंडी उतारावर असली की सारा भार बैलांच्या मानेवर येतो आणि शहाणा गाडीवान बैलांना सावकाश उतरवतो, त्यातलाच हा प्रकार.

आता मागच्या चाकाच्या आत पाहू. तिथे ओतीव लोखंडाचा ड्रम असतो. पालथ्या घातलेल्या पातेल्यासारखा दिसतो आणि चाकाबरोबर फिरतो. त्याच्या पोटात दोन अर्धचंद्राकृती पट्ट्या असतात, त्यांना शू म्हणतात, आणि शूच्या पाठीवर जो झिजणारा थर चिकटवलेला असतो तो लायनर. आपण पॅडल दाबले की पुढे मास्टर सिलिंडरमधले ब्रेक ऑइल बारीक नळ्यांतून मागे येते. चाकातल्या लहान सिलिंडरमधले दोन दट्टे ते बाहेर ढकलते, दट्टे शूंना ढकलतात आणि शू ड्रमला आतून घट्ट धरतात. पाय उचलला की स्प्रिंगा शूंना मागे ओढून घेतात. यात एक गंमत आहे. फिरता ड्रम दोहोंपैकी एका शूला आपल्याबरोबर ओढू पाहतो, आणि त्यामुळे तो शू आपोआपच अधिक घट्ट बसतो. थोड्या जोरात जास्त पकड मिळते ती यामुळेच. फ्रान्सच्या लुई रेनो यांनी १९०२ साली ही रचना मोटारीला बसवली, आणि सव्वाशे वर्षांनीही लहान गाड्यांच्या मागच्या चाकांत ती टिकून आहे. पुढच्या चाकांना आता डिस्क ब्रेक असतात. गाडी थांबताना वजन पुढे झुकते, त्यामुळे जास्तीचे काम पुढच्या चाकांना पडते. मागच्यांना कमी काम, शिवाय हँडब्रेकची तार ड्रममध्ये सोपेपणी जोडता येते, आणि खर्चही कमी. १९८३ साली रस्त्यावर आलेली आणि २०१४ साली बंद झालेली मारुती ८०० अशाच रचनेची. आमची गाडी तीच.

लायनरचा इतिहास मात्र मी जरा थांबून सांगणार आहे, कारण त्याच्या आरंभी एक बाई आहे. १८८८ सालच्या ऑगस्टमध्ये जर्मनीत बेर्था बेंझ या बाईंनी आपल्या दोन मुलांना बरोबर घेतले आणि नवऱ्याने, कार्ल बेंझ यांनी, तयार केलेली तीन चाकी मोटार घेऊन त्या मानहाइमहून फोर्ट्‌झहाइमला माहेरी निघाल्या. अंतर शंभर किलोमीटरांच्या वर. नवऱ्याला अगोदर सांगितलेले नव्हते. वाटेत इंधनाची नळी तुंबली ती त्यांनी टोपीच्या पिनेने मोकळी केली. उतारांवर लाकडी ब्रेक झिजून गेले, तेव्हा त्यांनी एका गावात मोच्याकडून त्या ठोकळ्यांवर चामडे ठोकून घेतले. ब्रेकला लायनर लावण्याची ही कल्पना. जोड्याला चामडे लावणाऱ्या माणसानेच ब्रेकच्या 'शू'लाही पहिले चामडे लावावे, हे मला फार आवडते. ज्यांना बायकांनी गाडीखाली वाकणे विचित्र वाटते त्यांना आमच्या घरी ही गोष्ट चहाबरोबर देण्यात येते.

पुढे १८९७ च्या सुमारास इंग्लंडात हर्बर्ट फ्रूड या गृहस्थांनी गाड्यांच्या ब्रेकसाठी लायनर करण्यास आरंभ केला, आणि १९०८ साली त्यात ॲस्बेस्टॉस आले. ॲस्बेस्टॉस म्हणजे खाणीतून निघणारे तंतुमय खनिज. ते जळत नाही, झिजतही लवकर नाही, आणि स्वस्त. ब्रेकला याहून चांगले काय हवे? परंतु त्याचे तंतू इतके सूक्ष्म की श्वासाबरोबर फुप्फुसात जातात आणि तिथून निघत नाहीत. इंग्लंडातल्या रॉचडेल गावी ॲस्बेस्टॉस विणण्याच्या कारखान्यात काम करणाऱ्या नेली केरशॉ या बाई १९२४ साली वारल्या, आणि त्यांच्या फुप्फुसांची तपासणी वैद्यकीय नियतकालिकात छापून आली तेव्हा या रोगाकडे डॉक्टरांचे लक्ष गेले. त्यानंतरची गोष्ट आपल्याशी अधिक जवळची आहे. लंडनच्या डॉ. म्युरिएल न्यूहाउस यांनी एका सहकाऱ्यासह १९६५ साली छातीच्या आणि पोटाच्या अस्तराच्या कर्करोगाचे ७६ रुग्ण तपासले. त्यांतील नऊ जणांनी कारखान्यात पाऊलही टाकलेले नव्हते. त्यांच्या घरचे कोणी ॲस्बेस्टॉसच्या कामावर होते, एवढाच संबंध. या नवांत बहुतेक बायका होत्या, आणि त्यांच्या बाबतीत नेहमीची हकीकत अशी, की त्या नवऱ्याचे कामाचे कपडे घरी झटकून धूत असत.

हे मी सूनबाईने दिलेल्या कागदांत वाचले तेव्हा काही वेळ हातातले काम बाजूला ठेवले. आपल्या मोहल्ल्यात गॅरेजांत काम करणारी मुले आहेत, त्यांच्या आया आणि बायका आज या सभेतही बसल्या आहेत. ड्रम उघडला की आत काळी-तपकिरी धूळ असते. ती फुंकून किंवा हवेच्या नळीने उडवायची ही सर्रास पद्धत आहे. मुलगा संध्याकाळी घरी येतो आणि तेच कपडे आपण दाराशी झटकतो. आता बाजारात ॲस्बेस्टॉसविरहित असे छापलेले लायनर मिळतात, आणि आम्ही तेच मागून घेतले. ब्रिटनने १९९९ साली ॲस्बेस्टॉसच्या वापरावर बंदी घातली. आपल्या सर्वोच्च न्यायालयाने १९९५ साली ॲस्बेस्टॉसच्या कामगारांचे आरोग्य हा त्यांचा हक्क असल्याचा निकाल दिला, पण सरसकट बंदी आपल्याकडे झालेली नाही. जुन्या गाडीच्या ड्रममध्ये पूर्वी कोणी काय बसवले हे उघडून पाहूनही कळत नाही. म्हणून सर्व धूळ तशीच आहे असे धरून चालावे. त्यासाठी लागते काय? झाडांवर पाणी मारायची फवाऱ्याची बाटली, तीत पाणी आणि भांड्याच्या साबणाचे चार थेंब. ड्रम निघताच आतला भाग भिजवावा, ओल्या फडक्याने पुसावा, आणि ते फडके न वाळवता प्लास्टिकच्या पिशवीत बांधून टाकावे. खाली वर्तमानपत्र अंथरावे, केरसुणी मुळीच लावू नये. नाका-तोंडावर चांगला मास्क असावा. साडीचा पदर या कामाला उपयोगाचा नाही. मुलांना तेवढा वेळ शेजारी पाठवावे. कामाचे कपडे न झटकता आधी भिजवावेत आणि वेगळे धुवावेत. गॅरेजातल्या मुलांनाही हेच सांगावे. त्यांचे मालक हसतील, हसू द्यावे.

आता आमच्या गाडीकडे वळते. मुलगा नोकरीनिमित्त पुण्यास असतो. गाडी आम्ही दोघी वापरतो, आणि मागच्या आसनावर सहा वर्षांची नात असते. डाव्या मागच्या चाकातून थांबताना खर्र असा आवाज येऊ लागला, आणि हँडब्रेक पूर्वीपेक्षा दोन-तीन दाते अधिक ओढावा लागू लागला. एका गॅरेजमध्ये (नाव सांगण्याचे कारण नाही) मागच्या वर्षी दोन्ही बाजूंचे लायनर बदलल्याचे पैसे आम्ही दिले होते, म्हणून आम्हांस नवल वाटले. सूनबाईने यंत्रशास्त्राचा डिप्लोमा केलेला आहे, पण लग्नानंतर तिने पान्याला हात लावलेला नव्हता. ती म्हणाली, "आई, गॅरेजला देण्याआधी आपण उघडून तर पाहू." मी म्हटले, "पाहू. पण गाडी पडायला नको, ते आधी सांग."

ती गाडी पडू नये यासाठी जे करायचे ते सर्वांत महत्त्वाचे, आणि त्यात घाई नको. जागा सपाट आणि टणक हवी. आपली काळी माती या कामाला नालायक, जॅक तीत रुततो. हँडब्रेक या वेळी सोडावाच लागतो, नाहीतर ड्रम निघत नाही. म्हणून गाडी पहिल्या गिअरमध्ये ठेवायची आणि पुढच्या दोन्ही चाकांना मागून-पुढून लाकडी पाचरी लावायच्या. चाकाचे नट गाडी जमिनीवर असतानाच थोडे सैल करावेत. मग जॅकने उचलून, कंपनीच्या पुस्तकात दाखवलेल्या जागी लोखंडी स्टँड लावून गाडी त्यावर टेकवावी. नुसत्या जॅकवर उभ्या गाडीत हात घालू नये. विटा तर कधीच लावू नयेत, भाजलेली वीट काही न सांगता फुटते. काढलेले चाक बाजूला न ठेवता गाडीखाली आडवे सरकवावे, म्हणजे दुर्दैवाने स्टँड घसरलाच तर गाडी चाकावर बसेल, माणसावर नाही.

आमच्या गाडीत चाकाची बेअरिंग ड्रममध्येच असते, त्यामुळे मधली टोपी आणि मोठा नट काढावा लागतो. कोणत्या गाडीत नटाला पिन असते, कोणत्या गाडीत नटाची कड खाचेत ठोकलेली असते. दुसऱ्या काही गाड्यांत ड्रम नुसता चाकाच्या बोल्टांवर बसवलेला असतो आणि नटाचा प्रश्नच येत नाही. ड्रम सहसा सुखासुखी निघत नाही. गंज धरलेला असतो, किंवा आतल्या कडेला धार आलेली असते आणि शू तिला अडतात. लाकडाचा तुकडा मध्ये धरून सभोवार हलकेच ठोकावे. काही ड्रमना दोन आट्यांची भोके असतात, त्यांत बोल्ट पिळत गेले की ड्रम आपोआप उचलला जातो. आमचा डावा ड्रम निघायला पाऊण तास लागला. शेजारच्या काकू मध्येच येऊन "कुणाला बोलावू का?" म्हणून विचारून गेल्या. त्यांना बसायला स्टूल दिले.

ड्रम निघाला आणि गॅरेजवाल्याचा हिशेब समोर आला. डाव्या चाकातले लायनर जुनेच होते, शूच्या लोखंडापर्यंत आलेले. उजवे चाक उघडले तर त्यातले नवे! पैसे दोन्हींचे घेतले, काम एकाच बाजूला केले, आणि बिलावर 'दोन्ही बाजू' असे सुवाच्य अक्षरांत लिहिलेले. थांबताना एका बाजूने कमी पकड आणि दुसऱ्या बाजूने जास्त, असे वर्षभर चालले. ओल्या रस्त्यावर असली गाडी सरळ न थांबता फिरू शकते. नात मागच्या आसनावर बसते, हे मी आधी सांगितलेच आहे. आम्ही भांडायला गेलो नाही. उजव्या बाजूचे लायनर चांगले असूनही दोन्हींचा नवा संच घेतला, कारण हे नेहमी जोडीनेच बदलायचे असते.

उघडल्यावर काय पाहावे? लायनरची जाडी तर पाहावीच. किती उरले म्हणजे बदलावे याचा आकडा गाडीच्या पुस्तकात असतो, आणि तो आकडा येईपर्यंत वाट पाहण्यात काही शहाणपण नाही. मग लहान सिलिंडरच्या दोन्ही टोकांची रबरी टोपणे हलकेच उचलून पाहावीत. आत ओल असेल तर सिलिंडर गळतो आहे. ब्रेक ऑइल लायनरवर सांडलेले असेल तर ते धुऊन वापरता येत नाही, टाकूनच द्यावे. ड्रमच्या आत बोट फिरवून खोल चरे लागतात का पाहावे. तडा दिसला तर ड्रम बाद. चरे असतील तर लेथवर घासून घेता येतो, पण किती व्यासापर्यंत ते बहुधा ड्रमवरच ओतलेले असते, त्याच्या पलीकडे नाही. या वेळात कोणीही आत बसून पॅडल दाबू नये. ड्रम नसताना दट्टे उडून बाहेर येतात. आम्ही नातीच्या हातून कागदावर 'पाय लावू नये' असे लिहून घेऊन स्टिअरिंगला टांगले होते.

स्प्रिंगांना हात लावण्यापूर्वी मोबाईलवर फोटो काढावेत, आणि एका वेळी एकच चाक सोडवावे. दुसरे चाक म्हणजे डोळ्यांसमोरचा नकाशा, फक्त तो आरशातला आहे हे विसरू नये. पुढचा आणि मागचा शू सारखे दिसतात, पण एकाला हँडब्रेकचा दांडा असतो. डाव्या बाजूचा ॲडजस्टर उजव्या बाजूला चालत नाही. शूला मागच्या पत्र्याशी धरून ठेवणारी खिळ्यासारखी पिन असते. तिला मागून बोटाने दाबून धरायचे आणि पुढची टोपी पकडीने दाबून पाव वळसा द्यायचा, की ती सुटते. पोलक्याचा हूक काढण्याइतकी सोपी गोष्ट, मात्र हात दोन नव्हे तीन हवेत, आणि तिसरा हात माझा होता. लांब स्प्रिंगा पकडीने ओढून काढताना डोळ्यांवर चष्मा हवाच. आमची एक स्प्रिंग सुटली ती तुळशीवृंदावनापाशी सापडली. कोठे काय होते ते कळावे म्हणून मी सर्व सुटे भाग ज्या क्रमाने निघाले त्या क्रमाने परातीत मांडत गेले. पापडांची परात आहे ती, नंतर घासून पुन्हा पापडांना घेतली नाही हे येथे नमूद करते, म्हणजे कोणाला शंका नको.

मागचा पत्रा ओल्या फडक्याने स्वच्छ करून, शूच्या कडा जिथे टेकतात त्या ठिकाणी उष्णता सोसणारे ग्रीस लावावे, डोळ्यांत काजळ घालावे इतकेच. लायनरला किंवा ड्रमच्या आत ग्रीसचे बोटही लागू नये. नवे शू, स्प्रिंगा, हँडब्रेकची तार, सर्व उलट क्रमाने. ड्रम पुन्हा बसवून हाताने फिरवल्यावर अगदी किंचित घासल्याचा आवाज यावा, इतपत ॲडजस्टर लावायचा. मग पॅडल अनेकदा दाबून आणि हँडब्रेक ओढून-सोडून तो आपल्या जागी येऊ द्यायचा.

दोन कामे आम्ही स्वतः केली नाहीत, आणि ते जाणूनबुजून. बेअरिंगचा नट किती जोराने आवळायचा याचे माप ठरलेले असते, त्यासाठी जोर मोजणारा पाना लागतो. तो आमच्याकडे नाही, अंदाजाने आवळणे हा धोका. दुसरे, उजवा सिलिंडर किंचित ओलसर निघाला, तो बदलायचा म्हणजे नळी सोडायची आणि मग ऑइलमधली हवा काढायची. दोन्हींसाठी ओळखीच्या मेस्त्रीदादांना घरी बोलावले. हवा काढताना आत बसून पॅडल दाबण्याचे काम माझे. ते "दाबा" म्हणाले की दाबायचे, "धरा" म्हणाले की धरायचे, आणि त्यांनी निप्पल आवळून "सोडा" म्हटल्याखेरीज पाय उचलायचा नाही. ब्रेक ऑइल रंगावर पडले तर रंग जातो, म्हणून पाण्याची बादली जवळ ठेवावी. आणि त्या भांड्यात इंजिनचे किंवा दुसरे कोणतेही तेल चुकूनही घालू नये. रबर फुगते आणि सगळी यंत्रणा निकामी होते.

सकाळी आठला सुरू केलेले काम दुपारी चारला संपले. पहिली परीक्षा गल्लीत, चालण्याच्या वेगाने. मग रिकाम्या रस्त्याने पवनारच्या धाम नदीच्या पुलापर्यंत. पहिले दोन-तीनशे किलोमीटर जोराचे ब्रेक टाळायचे असतात, नवे लायनर ड्रमच्या आकाराला लागतात. परतल्यावर चाकांचे नट पुन्हा आवळून पाहिले.

पावसाळ्याविषयी दोन शब्द सांगते, कारण आपल्याकडची दुखणी तेव्हाची. नाल्यावरून पाणी वाहत असताना गाडी घालूच नये. पण चाके पाण्यात बुडून निघाली असतील तर ड्रम ओला असतो आणि पॅडल दाबूनही पकड येत नाही. अशा वेळी सावकाश चालवत पॅडल हलके दाबत राहावे, लायनर सुकतात. पांदण रस्त्याचा चिखल ड्रमच्या मागच्या फटीतून आत जाऊन वाळतो, म्हणून वावरात जाणाऱ्या गाडीचे ड्रम दिवाळीच्या सुमारास एकदा उघडून पाहिलेले बरे. आणि पावसात गाडी आठ-आठ दिवस उभी राहणार असेल, तर सपाट जागी हँडब्रेक न ओढता गिअरमध्ये ठेवून चाकांना दगड लावावेत. ओढून ठेवला तर शू गंजाने ड्रमला चिकटतात, आणि निघताना मागचे चाक फिरायलाच तयार होत नाही. उतारावर मात्र हँडब्रेक ओढायचाच.

ब्रेक ऑइल हवेतला ओलावा पिते. डॉट ३ जातीचे नवे ऑइल २०५ अंशांच्या आत उकळू नये असा नियम आहे. तेच ओलावा प्यायल्यावर १४० अंशांपर्यंतही खाली येऊ शकते. उकळले की त्यात वाफ होते, वाफ दबते, आणि पॅडल नुसते खाली जाते. म्हणून सुमारे दोन वर्षांनी ते बदलावे.

भाषण लांबले, चिटणीसबाई घड्याळ पाहत आहेत. दोन लोखंडी स्टँड, लाकडी पाचरी, चष्मे आणि फवाऱ्याची बाटली आमच्या घरी आहेत. ज्या सभासदांना हवी असतील त्यांनी वहीत नाव लिहून न्यावीत, आणि रविवारी असेल तर सूनबाई सोबत येईल. ब्रेक ऑइल मात्र प्रत्येकीने आपले नवे, बंद डब्यातले आणावे. उघडलेला डबा मी उसना देणार नाही.